दुसरी वेलांटी

चौतीस वर्षं मी चुका पकडल्या.
शनिवार पेठेत, छापखान्याच्या पोटमाळ्यावर,
एक डोळा मूळ प्रतीवर, एक प्रुफावर.
आमदारांच्या वाढदिवसाचा 'दिन'
मी एकदाही 'दीन' होऊ दिला नाही.

निवृत्तीनंतर कुणीतरी म्हणालं,
कोंढव्याला पालिकेच्या शाळेत या,
आठवड्यातून एक तास.
चौथीतली पोरं आहेत, वाचताना अडतात.
म्हटलं, येते. अडलेलं सोडवणं
एवढंच तर येतं मला.

वाचनालय म्हणजे जिन्याखालची जागा.
एक सतरंजी, खिचडीची उपडी घातलेली पातेली,
आणि संघर्ष खिल्लारे.
वडील जिंतूरहून सेंट्रिंगच्या कामाला आलेले.
स्वतःच्या नावातला रफार तो रोज घरी विसरून येई,
आणि पोटफोड्या ष पाहून विचारी,
"ह्याचं पोट कुनी फाडलं?"

पहिल्याच गुरुवारी, अक्षराखाली बोट धरून:
"शे-ळी-ला पा-नी..."
"पाणी," मी म्हटलं.
"पानी."
"ण. बाणातला ण."
त्याने पुस्तक मिटलं. रागाने नाही,
दुपारी एक वाजता आपल्याकडचे दुकानदार
शटर ओढतात ना, तसं.

पुढचे दोन गुरुवार आम्ही दोघं
सतरंजीच्या पट्ट्या मोजत बसलो.

परतताना बस लुल्लानगरच्या सिग्नलला थांबली
तेव्हा कुठे डोक्यात शिरलं:
त्याची आई पानीच म्हणत असणार,
हंडा भरताना, तापात कपाळावर पट्टी ठेवताना.
आणि मी पेठेतली जीभ चिमट्यासारखी धरून
तिच्या तोंडातला शब्द उपटायला निघाले होते.

मग मी गप्प बसायला शिकले. या वयात.
तो अडला की मनात दहापर्यंत मोजायचं,
कधी वीसपर्यंत,
एकदा तर त्रेसष्टपर्यंत.
ओठावर आलेलं अक्षर परत गिळायचं,
मोठ्या गोळीसारखं, पाण्यावाचून.
त्रेसष्टला तो म्हणाला,
"क-ड्या-वर. कड्यावर!"
जिना उतरणाऱ्या मुलींनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

शेळी कड्यावर उभी होती. पान अकरा.
घंटा झाली.
"पडते का ओ बाई?"
"वाच की."
"सांगा ना."
"अजिबात नाही. पुढच्या गुरुवारी तूच सांग मला."

पुढच्या गुरुवारी सतरंजीवर कुणी नव्हतं.
कोकणे बाई हजेरीपटावर बोट ठेवून म्हणाल्या,
साईट संपली त्यांची.
मुळशीकडे गेलेत म्हणे, नाहीतर चाकणला.
दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

सांगून टाकायला हवं होतं का मी?
दोन वाक्यांचा तर शेवट होता.
चौतीस वर्षांत मजकूर अर्धा सोडून
मी कधी घरी गेले नव्हते.

पान अकराशी वहीचा फाडलेला तुकडा होता.
पेन्सिलीने, दाबून दाबून:
मि शेवट वाचनार आहे.
खाली नाव. रफारासकट.

'मि'ची वेलांटी पहिली. 'वाचनार'मधला न.
लाल पेन पर्समध्ये होतं, अजून असतंच.
तुकडा होता तिथेच ठेवला,
आणि पुस्तक कपाटात, पुढच्या बाजूला.

आता समोर अल्फिया बसते.
तिने नेमकं तेच पुस्तक काढलंय, चित्रातल्या शिंगांसाठी.
"शे-ली," ती वाचते,
आणि माझ्याकडे बघते.

एक.
दोन.